खिशातला डावा हात

सकाळी उठल्यावर काका पाणी तापवायचं बटण दाबायला जायचा, तेव्हा त्याचा डावा हात आधी खिशात जायचा. मग उजव्या हाताच्या एकाच बोटाने बटण. दिवा असो, पंखा असो, शेजाऱ्यांच्या दारावरची घंटा असो, डावा हात खिशात गेल्याशिवाय उजवा पुढे यायचा नाही. त्यामुळे त्याच्या प्रत्येक पायजम्याला डावीकडे खिसा लागायचा, आणि पायजमा धडधाकट असतानाच तो खिसा विरायचा. शिंप्याने एकदा काकूला विचारलं होतं, "बाई, साहेब या खिशात दगडबिगड ठेवतात का?"

मी शिकायला दोन वर्षं काकाकडे राहिले. पहिल्याच दिवशी त्याने मला ही सवय समजावून सांगितली. "विजेला एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून बाहेर पडायला फार आवडतं. वाटेत काळीज लागतं. एक हात खिशात असला की तिची वाटच बंद."

"लग्नाच्या फोटोतही यांचा हात खिशातच आहे," काकू आतून म्हणाली.

"फोटोवाल्याच्या दिव्याची वायर सोललेली होती."

"मग उजव्या हाताने माझा हात धरायचा होता."

"उजवा तुझ्या वडिलांनी धरला होता. सोडतच नव्हते."

काकाने चव्वेचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्या त्याला ठाऊक होत्या. तिथली दोरखंडं, तिथलं ग्रीस, तिथे घरटी करणारी कबुतरं. काम संपलं की तो लिफ्टच्या जमिनीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा आणि लिफ्ट तळापासून वरपर्यंत न्यायचा. थेंब सांडला तर पुन्हा सगळं उघडायचं. कंपनीच्या नियमांत असलं काही नव्हतं. हा त्याचा स्वतःचा नियम. अर्थिंगच्या बाबतीत तर तो कोणाचंच ऐकायचा नाही. एका इमारतीच्या लिफ्टची अर्थिंगची वायर कोणीतरी कापलेली सापडली, तेव्हा त्याने लिफ्टला कुलूप घालून किल्ली घरी आणली. नऊ दिवस लोक जिने चढत होते आणि प्रत्येक मजल्यावर थांबून त्याचा उद्धार करत होते. दहाव्या दिवशी नवी वायर आली. काकाने तिच्यासोबत आणखी एक घातली. एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय होतं, ते काकूला विचारावं. त्याने मिक्सर उघडला, इस्त्री उघडली, चालू असलेलं घड्याळ उघडून बंद पाडलं. "यांना काहीतरी मोठं द्या रे कोणीतरी," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "माझ्या घरात आता न उघडलेली मीच राहिलेय."

ते मोठं काम आत्याने दिलं. अर्थात तिला ते द्यायचं नव्हतं.

आत्या म्हणजे काकाची थोरली बहीण. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली, काकाहून पाच वर्षांनी मोठी. सगळं जग काकाला लिफ्टवाले म्हणून ओळखायचं. आत्या मात्र त्याला ठिणग्या म्हणायची. त्या नावामागे एक संध्याकाळ होती, शेहेचाळीस वर्षांपूर्वीची. आत्याचं गाणं रेडिओवर लागणार होतं. आयुष्यात एकदाच लागलं ते. गाणं सकाळी ध्वनिमुद्रित झालं होतं, प्रसारण संध्याकाळी सहाला. घरातला काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ जरा गुणगुणायचा. काका नुकताच लिफ्टच्या कंपनीत लागला होता, बावीस वर्षांचा होता आणि त्याला सगळं येत होतं. ताईच्या गाण्यामागे गुणगुण नको, म्हणून त्याने दुपारी रेडिओ उघडून आतला एक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारी डबी, काढला आणि त्याच्या जागी चौपट मोठा बसवला. सहा वाजता घर आणि शेजारपाजार रेडिओसमोर बसला. निवेदिकेने आत्याचं नाव घेतलं. आत निळी ठिणगी उडाली, जळका वास आला आणि रेडिओ कायमचा गप्प झाला. सगळे धावत दुसऱ्या गल्लीत एका ओळखीच्यांकडे पोचले, तेव्हा तिथे बाजारभाव लागले होते.

"छान झालं हो गाणं," त्या घरातल्या बाई आत्याला म्हणाल्या. आत्याने आपल्या गाण्याबद्दल ऐकलं ते एवढंच.

त्यानंतर ती काकाशी कधी वाकडं वागली नाही. फक्त ठिणग्या म्हणायची, आणि घरात कुठेही काही जळल्याचा वास आला, भाजी करपली तरी, काकाकडे बघायची. तो हसायचा. पण गुणगुणणारं कुठलंही यंत्र दिसलं की त्याचा चेहरा कसनुसा व्हायचा, हे मी पाहिलं आहे.

त्या वर्षी रेडिओ केंद्राने आपलं एक जुनं कपाट रिकामं केलं. तिथल्या कोणा सज्जन कारकुनाने एका पाकिटावरचं नाव वाचलं, चौकशा करून पत्ता शोधला आणि आतली तबकडी आत्याला पाठवली. तिचं गाणं होतं त्यावर. तबकडी बाजारातल्या रेकॉर्डसारखी टणक नव्हती, मऊ लाखेची होती. दर वेळी सुई फिरली की थोडी झिजणार. कारकुनाने चिठ्ठीत लिहिलं होतं: चांगल्या यंत्रावरच लावा, आणि मोजून लावा.

आत्या ती घेऊन काकाकडे आली आणि सहज म्हणाली, "कुठे ऐकता येईल रे ही? बाजारात एखादं दुकान असेल ना?"

"दुकान कशाला?" काका म्हणाला. "मी यंत्र बनवतो. व्हॉल्व्हचं. त्या दिवशी जसं ऐकू आलं असतं, अगदी तसं."

काकूने माझ्याकडे पाहिलं. आत्याने छताकडे पाहिलं.

"ठिणग्या," आत्या म्हणाली, "या महिनाअखेरीला नाही, पुढच्या. शेवटच्या रविवारी मी लेकीकडे जाते आहे, कायमची. समुद्रापलीकडे. तोवर होत असेल तर बनव. नाहीतर मी न ऐकताच जाईन, सवय आहे मला."

म्हणजे आठ आठवडे. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग गेला. काकूने काळ्या टेपने मधोमध रेघ मारली. रेघेच्या अलीकडे ताटं, पलीकडे तारा. तिच्या बाजूला एक जरी स्क्रू आला तरी ती तो चिमटीत धरून परत पलीकडे ठेवायची, सीमेवर पकडलेल्या माणसासारखा.

काका चौकटीच्या वहीत आकृत्या काढायचा आणि मला समजावायचा. सुईतून येणारा आवाज मुंगीच्या पावलाएवढा असतो. तो ऐकू येण्याइतका मोठा करायचं काम व्हॉल्व्हच्या प्रीअँपचं. पण प्रीअँप बिचारा आंधळा असतो. त्याला जी वीज पुरवाल तिच्यातली थरथरही तो गाणं समजून मोठी करतो. "म्हणून सगळी गंमत पॉवर सप्लायमध्ये आहे," तो म्हणायचा. "भिंतीतून येणारी वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. ती एका दिशेने वळवायची, साठवायची, सपाट करायची. आपला पेला आठवतो ना? थेंब सांडता कामा नये."

ट्रान्सफॉर्मर बाजारातल्या एका म्हाताऱ्या वाइंडिंगवाल्याने गुंडाळून दिला. तारेचे वेढे त्याने मोजले आणि मग काकाने पुन्हा मोजायला लावले. त्या दोघांचं नंतर बोलणं बंद झालं. चोक, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेलं तारेचं जाडजूड वेटोळं, एका मोडीत निघालेल्या लिफ्टमधून आलं. व्हॉल्व्ह तापवायच्या तारांनाही त्याने सपाट केलेली वीज दिली, कारण तिथूनही गुणगुण शिरते म्हणे. या खेपेला पहिला कंडेन्सर मात्र अगदी लहान ठेवला. वहीत त्या जागी लाल पेनने वर्तुळ होतं आणि शेजारी लिहिलेलं होतं: "इथे शहाणपणा नको."

पॉवर सप्लायची पेटी वेगळी, प्रीअँपची वेगळी, मध्ये हातभर केबल. प्रीअँपच्या पेटीचं तोंड म्हणजे जुन्या लिफ्टमधली पितळी पाटी. आवाजाची गुंडी तिसऱ्या मजल्याच्या भोकात बसवलेली. पॉवर सप्लायवर व्होल्टमीटर होता, त्याच्या तबकडीवर काकाने मजल्यांचे आकडे चिकटवले. अडीचशे व्होल्ट म्हणजे चौथा मजला. बटण दाबलं की आधी काहीच व्हायचं नाही. मग व्हॉल्व्ह तापत जायचे, तांबूस उजेड यायचा आणि काटा तळमजल्यावरून सावकाश वर निघायचा.

"बघ, धक्का नाही," काका म्हणायचा. डावा हात खिशात, मान थोडी तिरकी. "आतल्या माणसाला कळतसुद्धा नाही आपण कधी पोचलो."

सहाव्या आठवड्यात सगळं जोडून झालं. काकाने जुना रेकॉर्ड प्लेअर आणि ॲम्प्लिफायर लावला, काकूच्या जुन्या कपाटात बसवलेला मोठा स्पीकर लावला, बटण दाबलं. काटा चौथ्या मजल्यावर पोचला आणि स्पीकरमधून आवाज आला, "ऊंऽऽऽ".

"कोण झोपलंय त्यात?" काकूने विचारलं.

काकाने आणखी एक कंडेन्सर लावला. ऊंऽऽऽ. दुसरा चोक लावला. ऊंऽऽऽ. ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला, केबल बदलली, पेट्या एकमेकींपासून लांब नेल्या. एक पेटी काकूच्या प्रदेशात गेली, त्यावरून वाद झाला, पेटी परत आली. सातवा आठवडा तसाच गेला. वहीची पानं भरत होती आणि काका जेवताना बोलेनासा झाला. तो आत्याकडून तबकडी मागवतही नव्हता. "त्या गुणगुणीत लावून ती झिजवू? मग तेव्हाचं काय वाईट होतं?" आत्याचा फोन आला की सांगायचा, "झालंच आहे. रंग ओला आहे अजून."

"कसला रंग?" मी विचारलं.

"कसला तरी असेलच ना."

शेवटच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी घंटा वाजली. दारात आत्या, काखेत तबकडीचं पाकीट.

"रंग बघायला आले," ती म्हणाली.

काका उठून उभा राहिला. यंत्र चालूच होतं. लपवायला काही उरलं नव्हतं. सगळ्या खोलीत ऊंऽऽऽ पसरलेलं होतं. आत्याने चपला काढल्या, खुर्ची ओढली, काळ्या टेपच्या रेघेवर कोपरं टेकून बसली आणि ऐकत राहिली. काकू चहा टाकायला गेली ती पातेलं हातात घेऊन दारातच उभी राहिली.

"जमलं नाही ताई," काका म्हणाला. आवाज अगदी हलका. "पॉवर सप्लायमधूनच येतंय कुठूनतरी. दोन आठवडे कंडेन्सर वाढवतोय. तू दुकानातच..."

"थांब जरा." आत्याने हात वर केला. वर्गात मुलं एकदम बोलायला लागली की करत असावी तसा. मग ती उठली, पॉवर सप्लायच्या पेटीपाशी कान नेला. ट्रान्सफॉर्मर स्वतःशीच बारीक घुमत होता, तो दूर उभं राहून ऐकूही येत नव्हता. ती पुन्हा स्पीकरजवळ गेली. पुन्हा पेटीशी.

"तू म्हणतोस ते या पेटीतून तिकडे जातंय?"

"हो. दुसरं काय?"

"मग सूर वेगळा कसा?"

"काय?"

"पेटी हा सूर लावते आहे." तिने तोंड मिटून सूर धरला. "आणि तुझं ते कपाट हा लावतंय." ती खाली उतरली. "तोच सूर, पण एक सप्तक खाली. बरोबर निम्मा. इयत्ता पाचवीची पोरगी सांगेल."

 काकाने खुर्ची मागे सारली आणि वही उघडली. मग न वाचताच मिटली. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला नंतर कळलं, त्यानेच सांगितलं. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये वीज सपाट करताना दोन्ही बाजूंच्या लाटा एकाच दिशेला वळवल्या जातात. त्यामुळे तिथून गळती झालीच तर ती सेकंदाला शंभर वेळा थरथरणार, ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्याच्याच सुरात. खालचा सूर म्हणजे पन्नास. म्हणजे ती थरथर सपाट करायच्या यंत्रणेतून आलेलीच नव्हती. भिंतीतली वीज पॉवर सप्लायला वळसा घालून दुसऱ्याच वाटेने आत शिरत होती.

"पुन्हा म्हण ताई."

आत्याने पुन्हा दोन्ही सूर म्हटले.

"नक्की खालचाच?"

"ठिणग्या, मी एकतीस वर्षं बेसूर पोरांना शिकवलंय. तुझं कपाट निदान सुरात तरी आहे."

काका टेबलाखाली वाकला. तिथे चार हिरव्या जाड तारा होत्या. पॉवर सप्लाय, प्रीअँप, ॲम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, प्रत्येकाला प्लगमधून अर्थिंग होतंच. पण काकाला एकावर समाधान कधी असतं? प्रत्येक पेटीपासून त्याने एकेक वेगळी तार काढून ती खिडकीतून बाहेर, इमारतीच्या पायापाशी जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडली होती. कमरेला नाडी आणि वर पट्टा. लिफ्टमध्ये ते शहाणपणाचं. इथे मात्र प्लगमधून जाणारी वाट आणि खिडकीतून जाणारी वाट मिळून तारांचं मोठं गोल कडं झालं होतं, आणि त्या कड्यात घराभोवतीच्या विजेची थरथर फिरत होती, गाण्याच्या तारेवरून थेट प्रीअँपमध्ये.

त्याने पक्कड उचलली. मग खाली ठेवली.

"काय झालं?" काकूने विचारलं.

"अर्थिंगची तार कापायची आहे," काका म्हणाला. "मी आयुष्यात कधी कापलेली नाही."

नऊ दिवस लोकांना जिने चढायला लावणारा माणूस टेबलाखाली उकिडवा बसून होता. कोणी हसलं नाही. काकूने पातेलं टेबलावर ठेवलं, रेघेच्या पलीकडच्या बाजूला, आणि त्याच्याजवळ खाली बसली.

"प्लगमधलं आहे ना शाबूत?"

"आहे. सगळ्यांचं."

"एक पुरतं का?"

"नियमाने पुरतं."

"मग आपण नियमाने वागू या की. एकदा तरी."

काकाने यंत्र बंद केलं. काटा चौथ्या मजल्यावरून उतरत तळाशी येईपर्यंत तो थांबला, वर आणखी पाच मिनिटं थांबला. सगळ्यांचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात आणून लावले. मग एकेक हिरवी तार पक्कडीने न कापता स्क्रू सोडवून काढली, गुंडाळली आणि दोऱ्याने बांधून ठेवली. पुन्हा लागलीच तर असावी म्हणून.

बटण. तांबूस उजेड. काटा निघाला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. चौथा. काकाने आवाजाची गुंडी पूर्ण फिरवली.

खोलीत काहीच नव्हतं. काकूच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, तेच घड्याळ, काकाने बिघडवून पुन्हा दुरुस्त केलेलं. काकाने काय करावं? तो स्वयंपाकघरात गेला, पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन आला आणि स्पीकरच्या कपाटावर ठेवला. पाणी जराही हललं नाही.

"आण ती," तो आत्याला म्हणाला.

आधी खरखर, मग बासरीचे दोन सूर, मग सत्तावीस वर्षांच्या मुलीचा आवाज. तो सध्याच्या आत्याच्या आवाजासारखा नव्हता. पातळ होता, थोडा घाईत, आणि प्रत्येक ओळ संपताना जरा पुढे झुकायचा, जणू कोणाला तरी शोधत होता. आत्या मांडीवर हात ठेवून बसली होती. दुसऱ्या कडव्याला तिच्या भुवया वर गेल्या. गाणं साडेतीन मिनिटांचं होतं. संपलं. काकाने सुई उचलली, आणि मागे वळायला घाबरल्यासारखा तिथेच उभा राहिला.

"दुसऱ्या कडव्यात श्वास पुरलेला नाही," आत्या म्हणाली. "ओळ चक्क अर्धी गिळली आहे मी. आणि शेहेचाळीस वर्षं मी समजत होते की छान झालं होतं!"

काकाने न वळताच सुई जागेवर ठेवली.

"ठिणग्या, बरं झालं बाबा तेव्हा तो रेडिओ जळला. त्या दिवशी हे ऐकलं असतं ना, तर मी दुसऱ्या दिवसापासून गाणं सोडलं असतं. तेव्हा मी तशीच होते. मग एकतीस वर्षं त्या पोरांना कोणी शिकवलं असतं?"

काकाने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. भिंगं लख्ख होती.

"आता परत लाव," आत्या म्हणाली. "पहिलं कडवं बरं आहे."

ती रविवारी गेली. तबकडी काकाकडेच ठेवून गेली. तिकडे असलं यंत्र कुठे मिळणार, म्हणाली. काकाने पाकिटाच्या मागे दोन रेघा मारल्या होत्या, दोनदा लावली म्हणून. पुढच्या चार वर्षांत तिथे आणखी चारच रेघा झाल्या, प्रत्येक तिच्या वाढदिवसाला, फोन स्पीकरसमोर धरून. दर वेळी ती पलीकडून सांगायची, "बघ, गिळली ओळ." टेबलावरची काळी टेप काकूने त्याच आठवड्यात काढली. तिचा चिकट डाग अजून आहे.

पाचव्या वर्षी काका छातीच्या दुखण्याने दवाखान्यात होता. आठ दिवसांत घरी येईल असं सगळे म्हणत होते, तोही. मी संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता आणि वॉर्डातल्या लिफ्टला ग्रीसची गरज आहे असं नर्सला पटवत होता. त्याच्या मोबाइलची बॅटरी उतरली होती, म्हणून मी चार्जरची पिन फोनला लावायला वाकले. माझा डावा हात आपोआप खिशात गेला. काकाने ते पाहिलं.

"अगं, पाच व्होल्टला कशाला?" तो म्हणाला. "काढ तो हात बाहेर, आणि ती खिडकी जरा उघड."